संगणकीय संदेशांची रांग आणि कामाचा क्रम

शासकीय कामकाजात क्रमाचे महत्त्व किती असते, हे कार्यालयात काम केलेल्या माणसास वेगळे सांगावे लागत नाही. आलेल्या प्रत्येक कागदाला आवक नोंदवहीत क्रमांक पडतो, टिपणीखाली दिनांकित स्वाक्षरी होते, आदेशाला जावक क्रमांक मिळतो. ही व्यवस्था केवळ शिस्तीसाठी नसते. पुढचा आदेश आधीच्या आदेशावर उभा असतो आणि आधीचा कागद मागे राहिला, तर पुढच्या कागदाचा अर्थच बदलतो.

आता यांपैकी बरेच कामकाज संगणकावरून चालते. नागरिकाने अर्ज दाखल केला की एक संगणक दुसऱ्याकडे संदेश पाठवतो आणि त्या संदेशावर पुढील कार्यवाही होते. असे हजारो संदेश एकाच वेळी येत असता त्यांची आवक नोंदवही कोण ठेवते आणि त्यांचा क्रम कसा सांभाळला जातो, याची माहिती करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे. विषय तांत्रिक वाटला, तरी त्यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय तंत्रज्ञाचा नसून काम जाणणाऱ्या अधिकाऱ्याचा आहे. म्हणूनच तो या मासिकाच्या वाचकांपुढे मांडणे योग्य वाटते.

संदेशांची रांग

दोन संगणकांनी एकमेकांशी थेट बोलायचे तर दोघेही त्या क्षणी मोकळे असावे लागतात. एक बंद असला किंवा कामात गुंतला असला, की संदेश वाया जातो. यावर उपाय म्हणून मध्ये एक रांग ठेवतात. पाठवणारा आपला संदेश रांगेत ठेवतो व आपल्या पुढच्या कामाला लागतो. घेणारा सवडीप्रमाणे तो उचलतो. टपालपेटीत पत्र टाकणाऱ्याने पोस्टमनची वाट पाहत उभे राहावे लागत नाही, तसाच हा प्रकार आहे.

अशा रांगा आता भाडेतत्त्वावर उपलब्ध आहेत. ॲमेझॉन कंपनीने आपली ‘सिंपल क्यू सर्व्हिस’ २००६ साली सर्वांसाठी खुली केली. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर या सेवेत ‘सर्व्हिस बस’ नावाची अशीच सोय आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे आपली केंद्रे सुरू केली. त्यामुळे महाराष्ट्रातील एखाद्या संस्थेचे संदेश महाराष्ट्रातीलच यंत्रांवर रांगेत राहू शकतात.

रांगेतून संदेश उचलण्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. काम करणारा घटक संदेश उचलतो, तेव्हा तो रांगेतून लगेच नाहीसा होत नाही. ठरावीक मुदतीपुरते त्याला कुलूप लागते, जेणेकरून दुसऱ्या कोणी तो उचलू नये. काम पुरे झाल्याची सूचना मिळाली की संदेश काढून टाकला जातो. सूचना आलीच नाही आणि मुदत संपली, तर काम करणारा मध्येच बंद पडला असे समजून संदेश पुन्हा रांगेत उपलब्ध होतो. सर्व्हिस बसमध्ये या कुलपाची मुदत एका वेळी जास्तीत जास्त ५ मिनिटे ठेवता येते व गरजेप्रमाणे तिचे नूतनीकरण करता येते. यामुळे संदेश हरवत नाही, मात्र तोच संदेश क्वचित दोनदा हाती येऊ शकतो.

सर्व्हरलेस पद्धती

पूर्वी एखादी संगणकीय सेवा चालवायची, तर त्यासाठी सर्व्हर, म्हणजे अहोरात्र चालणारा संगणक, राखून ठेवावा लागे. काम असो वा नसो, त्याचा खर्च चालूच राही. गेल्या दशकात निराळी पद्धत रूढ झाली. तीत कामाची छोटी छोटी सूत्रे लिहून ती सेवा देणाऱ्या कंपनीच्या स्वाधीन करतात. या सूत्राला ‘फंक्शन’ म्हणतात. संदेश आला की फंक्शन जागे होते, काम करते आणि थांबते. आकारणी प्रामुख्याने झालेल्या कामापुरती असते. ॲमेझॉनने ‘लॅम्डा’ ही सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर केली, तर मायक्रोसॉफ्टची ‘ॲझ्युअर फंक्शन्स’ ही सेवा नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वसाधारण वापरासाठी उपलब्ध झाली. या पद्धतीला ‘सर्व्हरलेस’ असे नाव पडले आहे. सर्व्हर अर्थातच असतात, पण त्यांची देखभाल वापरणाऱ्याकडे नसते, एवढाच त्या नावाचा अर्थ.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे तिचा विस्तार. दहा संदेश आले तर एक प्रत पुरते. दहा हजार आले तर त्याच फंक्शनच्या अनेक प्रती आपोआप उभ्या राहतात आणि रांग भराभर उरकते. एखाद्या योजनेच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ आली म्हणजे अर्जांचा जो लोंढा येतो, तो पेलण्यास ही पद्धत उपयुक्त आहे. मात्र याच गुणातून क्रमाचा प्रश्न उभा राहतो.

क्रम कोठे बिघडतो

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ते कोणत्याही प्रत्यक्ष प्रणालीचे वर्णन नाही. विषय वाचकांच्या परिचयाचा असल्याने केवळ समजुतीसाठी घेतले आहे. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, हिच्याशी निगडित अशी एक संदेशव्यवस्था आहे असे धरू. एका गावातील गट क्रमांक ११२ संबंधी तीन संदेश आले. पहिला, खातेदार मयत झाल्याने मुलीचे नाव वारस म्हणून लावण्याचा. दुसरा, त्या मुलीने जमीन विकल्याचा, म्हणजे खरेदीखताचा. तिसरा, खरेदीदाराने सोसायटीकडून घेतलेल्या कर्जाच्या बोजाचा.

फंक्शनच्या तीन प्रती जाग्या होत्या. तिघींनी एकेक संदेश उचलला. पहिल्या प्रतीला जुनी कागदपत्रे धुंडाळावी लागली व तिला चार सेकंद लागले. दुसरीने एका सेकंदात तपासणी केली, तेव्हा विकणाऱ्या मुलीचे नाव सातबारावर अद्याप आलेले नव्हते. तिने खरेदीखताची नोंद अमान्य केली. तिसरीला खरेदीदाराचे नाव सापडले नाही, म्हणून बोजाही अमान्य झाला. त्यानंतर वारसाची नोंद यथास्थित झाली. प्रत्येक प्रतीने आपले काम नियमाप्रमाणेच केले. तरीही पैसे मोजून जमीन घेतलेल्या माणसाचे नाव लागले नाही आणि सोसायटीचे कर्ज विनानोंद राहिले. कोठेही यंत्र बंद पडले नाही, कोणाची चूक दिसली नाही. अशा दोषाचा शोध लागणे कठीण जाते, कारण तोच संदेश पुन्हा तपासला की सारे व्यवस्थित चालते.

प्रती अनेक असणे हे याचे एक कारण झाले. प्रत एकच ठेवली, तरी धोका पूर्ण टळत नाही. पहिला संदेश उचलून प्रत मध्येच बंद पडली, तर कुलपाची मुदत संपेपर्यंत तो अडकून राहतो. तेवढ्या वेळात नव्याने जागी झालेली प्रत दुसरा व तिसरा संदेश उरकून मोकळी होते.

सत्राची कल्पना

सर्व संदेश एकामागून एक काटेकोरपणे घ्यावेत, हा सर्वांत सरळ उपाय. पण मग संपूर्ण जिल्ह्याचे काम एकाच खिडकीवर येते आणि विस्ताराचा सारा लाभ नाहीसा होतो. वास्तविक गट क्रमांक ११२ ची वारस नोंद आणि गट क्रमांक ५७ ची दुरुस्ती यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. त्यांपैकी कोणतीही आधी झाली तरी बिघडत नाही. क्रम हवा आहे तो एकाच गटाच्या संदेशांमध्ये.

नेमके हेच ओळखून ‘सेशन’, म्हणजे सत्र, ही कल्पना योजलेली आहे. संदेश पाठवणारा प्रत्येक संदेशावर एक सत्रक्रमांक लिहितो. एकाच विषयाचे सर्व संदेश एकाच सत्रक्रमांकाचे असतात. काम करणारी प्रत आता सुट्या संदेशाला कुलूप लावत नाही. ती संपूर्ण सत्र आपल्या ताब्यात घेते. ते सत्र तिच्याकडे असेपर्यंत त्यातील संदेश दुसऱ्या कोणत्याही प्रतीला मिळत नाहीत आणि तिलाही ते आलेल्या क्रमानेच मिळतात. इतर प्रती त्याच वेळी इतर सत्रे हाताळीत असतात. कचेरीच्या भाषेत सांगायचे, तर सुटे कागद वाटण्याऐवजी एका प्रकरणाची संपूर्ण नस्ती एकाच लिपिकाच्या मेजावर ठेवली जाते. लिपिक अनेक असतात, पण एका वेळी एका नस्तीवर एकच लिपिक काम करतो.

सर्व्हिस बसमध्ये सत्रासोबत एक टाचण ठेवण्याचीही सोय आहे. काम कोठवर आले, हे त्या टाचणात नोंदवता येते. सत्र ताब्यात असलेली प्रत बंद पडली, तर पुढची प्रत टाचण वाचून तेथून काम सुरू करू शकते. ॲझ्युअर फंक्शन्समध्ये सत्रांचा वापर करण्यासाठी तशी निवड नमूद करावी लागते. वेगळी सूचना दिली नसेल, तर फंक्शनची एक प्रत एका वेळी जास्तीत जास्त ८ सत्रे हाताळते.

ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१६ मध्ये याच हेतूने ‘फायफो’ रांगा सुरू केल्या. ‘जो आधी आला तो आधी बाहेर’ असा या नावाचा अर्थ. तेथे सत्राऐवजी संदेश-समूह म्हणतात. एका समूहातील आधीचा संदेश हाताळला जात असेपर्यंत त्याच समूहातील पुढचा दिला जात नाही. लॅम्डा फंक्शन या रांगांना जोडण्याची सोय नोव्हेंबर २०१९ मध्ये झाली. नावे भिन्न असली, तरी तत्त्व एकच आहे.

सत्रक्रमांक कोणी ठरवावा

येथे या विषयाचा गाभा येतो. यंत्र सत्राचा क्रम पाळील, पण कोणते संदेश एका सत्राचे, हे त्याला कळत नाही. ते सांगावे लागते आणि चुकीचे सांगितले तर उत्तम यंत्रणाही निरुपयोगी ठरते.

आपल्या उदाहरणात प्रत्येक अर्जाचा अर्जक्रमांक हाच सत्रक्रमांक धरला, असे समजा. वारस, खरेदीखत व बोजा हे तीन निरनिराळे अर्ज आहेत. म्हणजे त्यांची तीन सत्रे झाली आणि क्रमाची हमी गेली. याउलट, संपूर्ण तालुक्याला एकच सत्रक्रमांक दिला तर क्रम राहील, पण एका गावचा एक संदेश अडला की तालुक्यातील सर्व गावांचे काम खोळंबेल. गट क्रमांक हाच सत्रक्रमांक धरणे अधिक योग्य दिसते. तरी केवळ ‘११२’ एवढे पुरे नाही, कारण ११२ हा गट अनेक गावांत असतो. गावाचा सांकेतांक व गट क्रमांक मिळून सत्रक्रमांक करावा लागेल. सर्व्हिस बस व ॲमेझॉनच्या रांगा, दोहोंतही यासाठी १२८ अक्षरांपर्यंत मुभा असल्याने जागेची अडचण नाही.

एवढ्यानेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. दोन शेतकऱ्यांनी गट ११२ व गट ५७ यांची अदलाबदल केली, तर तो व्यवहार दोन सत्रांना स्पर्श करतो आणि दोन सत्रांमधील परस्परक्रमाची हमी कोणतीही रांग देत नाही. अशा व्यवहारांसाठी वेगळी तरतूद आधीच योजावी लागते. या बाबी संगणकतज्ज्ञाला आपोआप ठाऊक असण्याचे कारण नाही. कोणत्या नोंदीवर कोणती नोंद अवलंबून असते, हे त्या कामात वर्षे घालवलेल्या अव्वल कारकुनाला किंवा मंडळ अधिकाऱ्याला विचारूनच ठरवले पाहिजे.

हा निर्णय प्रारंभीच घेणे आवश्यक असते. सर्व्हिस बसमधील रांग सत्रांची आहे की साधी, हे ती निर्माण करतानाच सांगावे लागते. ॲमेझॉनची साधी रांगही नंतर फायफोमध्ये बदलता येत नाही. दोन्ही ठिकाणी नवी रांग निर्माण करून सर्व काम तिच्याकडे वळवावे लागते. शिवाय सर्व्हिस बसच्या सर्वांत स्वस्त श्रेणीत सत्रांची सोयच नाही. निविदेत याचा उल्लेख राहून गेला, तर तो खर्च पुढे उपस्थित होतो.

अडलेला संदेश

क्रम पाळायचा म्हटले, की त्याची किंमतही मोजावी लागते. पहिली किंमत वेगाची. फायफो रांगेत, वाढीव वेगाची निराळी सोय घेतली नाही, तर संदेश सुटे हाताळता सेकंदाला ३०० व दहा-दहाच्या जुडीने हाताळता ३,००० अशी मर्यादा आहे. दुसरी किंमत खोळंब्याची, आणि ती अधिक विचारात घेण्याजोगी आहे.

वारसाच्या संदेशात नाव अपुरे असल्याने काम होतच नाही, असे समजा. प्रत पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि त्या गटाचे पुढचे सर्व संदेश मागे थांबतात. असे अनंत काळ चालू नये म्हणून प्रयत्नांची मर्यादा ठरवलेली असते. सर्व्हिस बसमध्ये वेगळे न सांगितल्यास ती १० आहे. त्यानंतर संदेश मुख्य रांगेतून काढून ‘डेड-लेटर’ रांगेत ठेवला जातो. टपाल खात्यात पत्ता न लागलेली पत्रे वेगळी ठेवतात, त्यावरूनच हे नाव आले आहे.

मात्र अडलेला संदेश बाजूला काढताच त्याच्यामागचे संदेश पुढे सरकतात आणि क्रम मोडतो. वारसाची नोंद बाजूला पडली आणि खरेदीखताची पुढे गेली, की आपण पुन्हा मूळ प्रश्नापाशी येतो. म्हणूनच ज्या कामात क्रम मुळीच मोडता कामा नये, तेथे फायफो रांगेला डेड-लेटर रांग जोडू नये, असा सल्ला ॲमेझॉनच्या मार्गदर्शिकेतही दिलेला आहे. तेव्हा अडलेल्या संदेशामागची नस्ती थांबवावी की पुढे जाऊ द्यावी, हा प्रशासकीय निर्णय ठरतो. जमिनीच्या नोंदीत थांबणे इष्ट. गावातील पर्जन्यमापकाची दैनिक नोंद एखाद्या दिवशी अडली, तर पुढच्या दिवसाची नोंद थांबवण्याचे कारण नाही. जेथे थांबायचे ठरते, तेथे ते प्रकरण ठरावीक मुदतीत पाहणारा जबाबदार कर्मचारी नेमलेला असला पाहिजे. अन्यथा यंत्र थांबून राहील आणि नागरिक हेलपाटे घालीत राहील.

रांगेच्या आधीचा क्रम

आणखी एक मर्यादा जाणून घेणे अगत्याचे आहे. रांग जो क्रम पाळते, तो संदेश तिच्याकडे पोहोचल्याचा क्रम असतो. घटना घडल्याचा नव्हे. संपर्क नसलेल्या गावातून सकाळी भरलेली माहिती सायंकाळी पोहोचली आणि तालुक्याच्या ठिकाणी दुपारी भरलेली लगेच पोहोचली, तर रांगेच्या दृष्टीने दुपारची माहिती आधीची ठरते.

निरनिराळ्या यंत्रांवर घडलेल्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे केवळ त्यांच्या घड्याळांवरून नेहमीच खात्रीने सांगता येत नाही, याचे विवेचन अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केले होते. या शास्त्रातील तो एक पायाभूत निबंध मानला जातो. व्यवहारात त्याचा बोध असा की, जेथे क्रम महत्त्वाचा आहे तेथे पाठवणाऱ्यानेच संदेशावर अनुक्रमांक घालावा. फेरफार नोंदवहीत प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक असतो, त्यामागील हेतूही हाच आहे. मधला क्रमांक आला नसेल, तर घेणाऱ्याला ते ताबडतोब ध्यानात येते.

एकच संदेश दोनदा येण्याचा प्रश्नही याच अनुक्रमांकाने सुटतो. फायफो रांगा ५ मिनिटांच्या आत आलेली दुसरी प्रत ओळखून वगळतात. सर्व्हिस बसमध्ये ही मुदत ७ दिवसांपर्यंत वाढवता येते. तथापि कुलपाची मुदत संपल्याने रांगेतूनच परत हाती आलेला संदेश या सोयीने वगळला जात नाही. म्हणून केवळ रांगेवर विसंबू नये. या क्रमांकाची नोंद आधीच झालेली आहे किंवा नाही, हे फंक्शनने स्वतः पाहावे, म्हणजे बोजा दोनदा चढणार नाही आणि अनुदान दोनदा जमा होणार नाही.

कार्यालयांनी काय पाहावे

वरील विवेचनावरून, संगणकीय सेवा करवून घेणाऱ्या कार्यालयाने पुढील बाबी लेखी स्वरूपात निश्चित कराव्यात, असे सुचवावेसे वाटते.

१. आपल्या कामात क्रम कोणत्या घटकापुरता आवश्यक आहे : व्यक्ती, खाते, शिधापत्रिका, भूखंड की प्रकरण? तोच घटक सत्रक्रमांकाचा आधार असावा.

२. तो क्रमांक संपूर्ण राज्यात एकमेव आहे काय? नसल्यास गाव, तालुका वा कार्यालय यांचा सांकेतांक त्यास जोडावा.

३. दोन घटकांना स्पर्श करणारे व्यवहार कोणते व ते कसे हाताळायचे?

४. संदेश अडल्यास त्यामागील काम थांबवायचे की पुढे न्यायचे? थांबवायचे असल्यास ते कोणी व किती दिवसांत निकाली काढायचे?

५. पाठवणारा अनुक्रमांक घालतो काय, आणि तोच संदेश दोनदा आल्यास परिणाम एकदाच होतो काय?

६. स्वीकृतीपूर्व चाचणीत संदेश मुद्दाम उलट्या क्रमाने व दुबार पाठवून पाहिले आहेत काय?

ज्या कामात क्रमाची गरज नाही, तेथे सत्रांचा आग्रह धरू नये, हेही तितकेच खरे. दाखल्याची प्रत छापणे किंवा अर्ज पोहोचल्याचा संदेश भ्रमणध्वनीवर पाठवणे, अशी कामे साध्या रांगेवर जलद व कमी खर्चात होतात.

शिक्षकांना हा विषय वर्गातही सहज दाखवता येईल. निरनिराळ्या रंगांच्या चिठ्ठ्यांवर क्रमांक घालून त्या एका पेटीत ठेवाव्यात आणि चार विद्यार्थ्यांनी त्या उचलून फळ्यावर नोंदवाव्यात. पहिल्या वेळी कोणी कोणतीही चिठ्ठी घ्यावी. दुसऱ्या वेळी एका वेळी एका रंगाच्या चिठ्ठ्या एकाच विद्यार्थ्याने क्रमाने घ्याव्यात. दोन्ही वेळची फळ्यावरील नोंद शेजारी शेजारी पाहिली, की सत्र म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही.

यंत्रे बदलत राहतील. आजच्या सेवांची नावेही उद्या बदलतील. एका प्रकरणाचे कागद एकत्र असावेत, ते क्रमाने निघावेत आणि एका प्रकरणासाठी दुसऱ्याचा खोळंबा होऊ नये, ही अपेक्षा मात्र कायम राहणार आहे. ती पुरी करण्याचे साधन आता उपलब्ध आहे. प्रकरण कशाला म्हणावे, हे त्या साधनाला नीट सांगण्याची जबाबदारी त्या कामाची जाण असणाऱ्यांनी स्वीकारली, तर त्याचा लाभ गावातील शेवटच्या अर्जदारापर्यंत पोहोचेल.